मालकाचा विमा नाही, मग भरपाईही नाही? जुनी इंदूरपासून जळगाव-धुळ्यापर्यंतच्या कामगारांसाठी कायद्याची वाट

जुनी इंदूर म्हणजे होळकरांच्याही आधीचं इंदूर. जमीनदारांचा बडा रावला, शनी मंदिर, नदीकाठची दाट वस्ती, आणि पलीकडे पाच-दहा मिनिटांवर सियागंजचा ठोक बाजार. या पट्ट्यात आणि आजूबाजूला लेथ, पावर प्रेस, वेल्डिंगच्या छोट्या शेड आहेत, गोदामं आहेत, माल चढवणारे-उतरवणारे हमाल आहेत. बुऱ्हाणपूर, खरगोन, सेंधवा, रावेर, शिरपूर या भागातून आलेली पोरं इथे काम करतात. काहींच्या घरी मराठी, काहींच्या घरी अहिराणी किंवा निमाडी, आणि कामावर सगळ्यांची हिंदी.

अशा ठिकाणी अपघात झाला की बोलणं बहुतेक वेळा एकाच वाक्यावर येऊन थांबतं. शेठ म्हणतो, ‘‘अपना तो बीमा-वीमा कुछ है नहीं, दवाई का खर्चा दे देता हूँ.’’ आणि कामगाराच्या घरचे समजतात की विमा नाही म्हणजे मुआवजा नाही, विषय संपला.

हे समजणं चुकीचं आहे. बोटं गेलेल्या माणसाला त्याची किंमत काही लाखांत मोजावी लागते, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं.

विमा शेठच्या सोयीचा, जबाबदारी कायद्याची

अमेरिकेसारख्या देशात बहुतेक ठिकाणी मालकाने कामगारांचा विमा उतरवणं सक्तीचं असतं, आणि भरपाईची सगळी गाडी त्या विम्यावर चालते. आपल्याकडे तशी रचना नाही. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याने (1 जुलै 1924 पासून लागू, 2010 पासून नाव ‘कर्मचारी भरपाई कायदा’) पैसे देण्याची जबाबदारी थेट मालकावर टाकली. मालकाने पॉलिसी घेतली असेल तर विमा कंपनी त्याच्या वतीने पैसे भरते. घेतली नसेल तर मालक स्वतःच्या खिशातून, दुकान-शेड-जमीन विकून भरतो. कामगाराचा हक्क दोन्ही वेळेला तेवढाच राहतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या. हा 1923 चा कायदा आणि ईएसआयचा 1948 चा कायदा, दोन्ही आता सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये गेले आहेत. ‘आयुक्त’ हा शब्द जाऊन ‘सक्षम प्राधिकारी’ आला, कलमांचे आकडे बदलले. पण मालकाची जबाबदारी, हिशोबाची पद्धत, उशिराबद्दलचं व्याज हा गाभा तोच ठेवलेला आहे. त्या तारखेआधीच्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याने चालतात. खाली समजायला सोपं जावं म्हणून जुनीच, लोकांच्या तोंडी असलेली नावं वापरली आहेत.

आधी एक प्रश्न: कामावर किती जण आहेत?

सगळ्यात आधी हे बघायचं. ज्या कारखान्यात किंवा दुकानात दहा किंवा जास्त माणसं आहेत आणि ज्याचा पगार महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत आहे, तो कामगार ईएसआयमध्ये यायलाच हवा. मालकाने 3.25 टक्के आणि कामगाराने 0.75 टक्के भरायचे असतात. ईएसआयमध्ये असेल तर उपचार, कामावर जाता येत नाही त्या दिवसांचा साधारण 90 टक्के पगार, कायमचं अपंगत्व आलं तर आयुष्यभर दरमहा रक्कम, आणि मृत्यू झाला तर घरच्यांना पेन्शनसारखी रक्कम मिळते. त्याच्या बदल्यात कर्मचारी भरपाई कायद्याखाली वेगळा दावा करता येत नाही.

अडचण इथे होते: शेडमध्ये चौदा जण आणि रजिस्टरवर सहा. मग कामगार कुठे जाणार? कायद्याने विमाधारक कामगाराची व्याख्या करताना ‘ज्याचं योगदान भरलं आहे’ इतकंच म्हटलेलं नाही, ‘ज्याचं भरायला हवं होतं’ तोही त्यात येतो. म्हणजे मालकाने नाव लपवलं तरी कामगार बाहेर पडत नाही. मालकाच्या चुकीमुळे लाभ बुडत असेल तर ईएसआय महामंडळ कामगाराला तो देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. सर्वोच्च न्यायालयानेही भारगथ इंजिनिअरिंगच्या प्रकरणात सांगितलं की योगदान प्रत्यक्ष भरलं होतं की नाही यावर कामगाराचा हक्क अवलंबून नाही.

मध्य प्रदेशाचं ईएसआय प्रादेशिक कार्यालय इंदूरमध्येच, नंदानगरला आहे. तिथलं ईएसआय रुग्णालयही जुनं आणि माहितीतलं. लपवलेल्या कामगाराने तिथे लेखी तक्रार द्यावी, सोबत तिथे काम करणाऱ्या माणसांची संख्या दाखवणारं जे काही असेल ते जोडावं: शिफ्टचा फोटो, पगाराच्या वहीचं पान, दिवाळीच्या मिठाईच्या यादीचा फोटोसुद्धा चालतो. ही तक्रार दुसऱ्या कारणासाठीही लागते. पुढे भरपाईचा दावा टाकला तर मालकाचाच वकील उभा राहून म्हणू शकतो की हा तर ईएसआयचा माणूस, इथे दावा चालत नाही. रजिस्टरवर सहा दाखवणारा मालक कोर्टात चौदा दाखवतो, असंही घडतं. म्हणून पहिल्याच दिवशी आकडा पक्का करावा.

दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा पगार मर्यादेच्या वर असेल, तर कर्मचारी भरपाई कायदा लागतो. जुनी इंदूरच्या बहुतेक छोट्या शेड याच खात्यात येतात.

हिशोब कसा होतो

भरपाई शेठच्या मर्जीवर ठरत नाही. तिचा तक्ता आहे. महिन्याच्या पगाराचा ठराविक टक्का, गुणिले वयाप्रमाणे दिलेला आकडा. मृत्यू झाला तर पगाराचे 50 टक्के धरतात, कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 60 टक्के. अंशतः अपंगत्व असेल तर त्या रकमेचा, कमाईची क्षमता जितके टक्के गेली तितका भाग. वयाचा आकडा 25 ला 216.91, तिशीला 207.98, पस्तिशीला 197.06, चाळिशीला 184.17, पन्नाशीला 153.09 आहे. पगार कितीही असो, 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेप्रमाणे हिशोबात 15,000 रुपयांपर्यंतच धरला जातो. आज शहरात चांगला फिटर त्यापेक्षा जास्त कमावतो, त्यामुळे ही मर्यादा कामगाराला मारक आहे. पण सध्या आकडा हाच.

समजा, बुऱ्हाणपूरचा तीस वर्षांचा कामगार, पगार 12,000. पावर प्रेसमध्ये एका हाताची तीन बोटं गेली. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात याला 30 टक्के लावले आहेत. 12,000 चे 60 टक्के 7,200. गुणिले 207.98 म्हणजे 14,97,456. त्याचे 30 टक्के, 4,49,237 रुपये. अख्खा पंजा गेला असता तर 60 टक्के लागले असते, म्हणजे 8,98,474. आणि तो दगावला असता तर घरच्यांना 12,47,880. शेठने ‘दवाई का खर्चा’ म्हणून दिलेल्या वीस-तीस हजारांशी हे ताडून बघावं.

उपचाराचा प्रत्यक्ष खर्च याहून वेगळा मिळतो. 2009 च्या दुरुस्तीने तो मालकावर टाकला आहे, त्यामुळे मेडिकलची प्रत्येक पर्ची, रिक्षाची पावतीसुद्धा ठेवावी. जखम बरी होईपर्यंत कामावर जाता येत नसेल तर दर पंधरवड्याला पगाराचे 25 टक्के मिळतात. 12,000 वाल्याला पंधरा दिवसांचे 3,000. हे जास्तीत जास्त पाच वर्षं.

परिशिष्टातले टक्के म्हणजे शेवटचा शब्द नाही, हे बऱ्याच वकिलांकडूनही राहून जातं. ओडिशात एका सिनेमागृहाच्या सजावटीचं काम करताना 1968 साली एक सुतार पडला, त्याचा डावा हात कापावा लागला. मालक म्हणत होता, परिशिष्टाप्रमाणे हे अंशतः अपंगत्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये सांगितलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणजे या माणसाची कमाई पूर्ण गेली, शंभर टक्के. पन्नास वर्षांनंतरही लेबर कोर्टात रोज याच निकालाचा दाखला दिला जातो. म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यात नुसतं ‘बोट कापलं’ असं नसावं. हा माणूस जे काम करत होता ते आता करू शकतो का, हेही त्यात यावं.

त्याच निकालाने दुसरी एक गोष्ट पक्की केली. भरपाई कोर्टाने आदेश दिला त्या दिवसापासून नव्हे, अपघात झाला त्या दिवसापासून देणं लागते. एक महिन्यात दिली नाही तर वर्षाला 12 टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर वरून 50 टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या उदाहरणात व्याजच वर्षाला जवळजवळ 53,900 रुपये होतं. हे दोन्ही मागितले नाहीत तर कधी कधी मिळत नाहीत. अर्जात स्पष्ट लिहावं. केस लांबवणं मालकाला महाग पडतं ते यामुळेच.

‘चूक तुझीच होती’

मालकाचा हा ठरलेला बचाव. पण या कायद्यात चूक कोणाची हे बघतच नाहीत. कामगाराचं लक्ष नव्हतं, हात घसरला, घाई केली, याने हक्क जात नाही. हक्क जातो तो तीनच बाबतीत: दारू किंवा नशेमुळे अपघात झाला, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडला, किंवा मशीनचं सुरक्षेचं गार्ड जाणूनबुजून काढलं. तेही मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर लागू पडत नाही. आणि गार्ड कोणी काढलं? बहुतेक प्रेसवर माल लवकर निघावा म्हणून ते आधीच काढून ठेवलेलं असतं, कोणाच्या सांगण्यावरून ते सगळ्यांना ठाऊक असतं. शेजारच्या मशीनवरच्या कामगाराची साक्ष इथे कामाला येते.

रोजंदारीवर होता, कायम नव्हता, हाही बचाव डिसेंबर 2000 नंतर टिकत नाही. ‘कॅज्युअल’ कामगारांना वगळणारे शब्द कायद्यातून काढले गेले आहेत.

कामावर जाता-येता अपघात झाला तर? यावर अनेक वर्षं उलटसुलट निकाल होते. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 2003 साली साखर कारखान्याचा एक रात्रपाळीचा वॉचमन पहाटे तीनच्या ड्युटीला मोटारसायकलवर निघाला आणि कारखान्यापासून काही किलोमीटरवर अपघातात गेला. उस्मानाबादच्या दिवाणी न्यायाधीशांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ती रद्द केली, आणि जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. बावीस वर्षं लागली. नव्या संहितेत तर हे शब्दांतच आलंय: घर ते काम आणि काम ते घर या वाटेवरचा अपघात, वेळ-जागा-कारण यांचा कामाशी संबंध असेल तर, कामावरचाच धरायचा.

ठेकेदार गायब झाला तर

इंदूरमध्ये बरीचशी माणसं ठेकेदारामार्फत लागतात. अपघात झाला की ठेकेदाराचा मोबाईल बंद. अशा वेळी ज्याचं काम चाललं होतं त्या मूळ मालकावर दावा करता येतो. त्याने कामगाराला पैसे द्यायचे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचे, तो त्यांचा आपसातला मामला. अट एवढीच की ते काम त्या मालकाच्या धंद्याचा भाग असलं पाहिजे. कारखान्यातली वेल्डिंग, बिल्डरच्या साइटवरचं सेंट्रिंग, गोदामातली हमाली हे सगळं त्यात बसतं. पण एखाद्याने स्वतःच्या राहत्या घराला रंग द्यायला ठेकेदार लावला आणि पेंटर शिडीवरून पडला, तर घरमालकावर हे कलम चालत नाही, कारण रंगकाम हा त्याचा धंदा नाही. तिथे ठेकेदारच शोधावा लागतो.

दाव्यात दोघांनाही, ठेकेदार आणि मूळ मालक, सुरुवातीपासून पक्षकार करावं. नंतर जोडायला गेलं की महिने जातात.

ट्रकवरच्या हमाल, क्लीनर, ड्रायव्हरच्या बाबतीत आणखी एक जागा तपासावी. शेठचा धंद्याचा विमा नसला तरी गाडीची पॉलिसी असतेच, आणि त्यात ड्रायव्हर-क्लीनर-हमालाचा वेगळा हप्ता भरलेला असू शकतो. गाडीचा नंबर लिहून ठेवला तर आरटीओच्या नोंदीतून विमा कंपनी सापडते. रस्त्यावरचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात जावं की भरपाई कायद्याखाली, यातला एकच रस्ता निवडता येतो. कोणता फायद्याचा हे पगार, वय आणि चूक कोणाची यावर ठरतं. निवडण्याआधी वकिलाला विचारावं, कारण मग परत फिरता येत नाही. तसंच, दिवाणी कोर्टात नुकसानीचा दावा टाकला तर भरपाई कायद्याचा दरवाजा बंद होतो.

इंदूरला अपघात, दावा गावी

सीमेवरच्या वाचकांसाठी हा भाग सगळ्यात कामाचा. दावा अपघात झाला तिथेच लावावा लागतो असं समजून किती तरी जण इंदूर-सुरतच्या चकरा नको म्हणून सोडून देतात. कायद्यात 1995 च्या दुरुस्तीपासून तीन जागा दिल्या आहेत: अपघात झाला तिथे, कामगार किंवा मृताचे वारस राहतात तिथे, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे. सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये मोर्गिना बेगम प्रकरणात हे कामगाराच्या बाजूने उचलून धरलं. म्हणजे इंदूरला बोटं गेली आणि घर रावेरला, तर दावा जळगाव जिल्ह्यात लावता येतो. फक्त अपघात झालेल्या भागातल्या प्राधिकाऱ्याला त्याची सूचना जाते.

1 एप्रिल 2025 ला गुजरातमध्ये डीसा इथे फटाक्यांच्या गोदामात स्फोट होऊन 21 जण गेले. बहुतेक जण मध्य प्रदेशातल्या हरदा आणि देवास जिल्ह्यांतून कामाला गेलेले होते. अशा कुटुंबांना बनासकांठाच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत म्हणूनच ही तरतूद आहे.

मध्य प्रदेशात हे दावे लेबर कोर्टात चालतात. राज्याच्या श्रमायुक्तांचं मुख्य कार्यालयही इंदूरलाच आहे. महाराष्ट्रात जिल्ह्याप्रमाणे लेबर कोर्ट किंवा दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर. मुदत दोन वर्षांची. उशीर झाला आणि कारण पटण्यासारखं असलं तर माफ होतो, पण त्यावर विसंबू नये. मालकाला लेखी नोटीस द्यायची असते. ती राहिली तरी, अपघात मालकाला माहीत होता हे दाखवता आलं तर दावा पडत नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नये. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा कोर्टाच्या आवारात असतं, हेल्पलाइन 15100.

पहिले आठ दिवस

दावे हरतात ते बहुतेक वेळा कायद्यावर नाही, ‘हा आमच्याकडे कामालाच नव्हता’ या एका वाक्यावर. नेमणुकीचं पत्र कोणाकडेच नसतं. म्हणून दवाखान्यात दाखल करतानाच ‘कामावर मशीनमध्ये हात गेला’ असं सांगून एमएलसी नोंदवायला लावावी. शेठचा माणूस सोबत असतो आणि ‘घरी पडला’ असं लिहून घेतो. ते एक वाक्य पुढे वर्षभर नडतं. केस पेपरवर मालकाचं किंवा शेडचं नाव आलं तर सोन्याहून पिवळं.

मग थान्यात जाऊन नोंद. जुनी इंदूरला स्वतंत्र पोलीस ठाणं आहे. हद्द कोणाची यावरून टोलवाटोलवी झाली तरी अर्जाची पोच घेऊन ठेवावी. मशीन किंवा इमारतीबाबत निष्काळजीपणा, दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं, निष्काळजीपणाने मृत्यू यासाठी भारतीय न्याय संहितेत कलमं आहेत. गुन्ह्याची केस आणि भरपाई वेगवेगळ्या चालतात, पण पंचनामा भरपाईला पुरावा होतो. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तर अशा गुन्ह्यात होणाऱ्या दंडातला किमान निम्मा भाग जखमीला किंवा वारसांना द्यायला कोर्ट सांगू शकतं.

फोनमधल्या गोष्टी आधी वाचवाव्यात. शेठने यूपीआयने पाठवलेला पगार, ‘कल जल्दी आना’ असा व्हॉट्सअॅप मेसेज, शेडमधला फोटो, सोबत्यांची नावं आणि नंबर. सोबती तिथेच कामाला असतो, त्याची साक्ष द्यायची हिंमत महिन्याभरात विरते. त्याच्याशी लवकर बोललेलं बरं.

अंगठ्याचा कागद

आठ-पंधरा दिवसांनी शेठ घरी येतो. पन्नास हजार ठेवतो आणि एका स्टॅम्प पेपरवर सही मागतो: ‘पूर्ण समझौता, आगे कोई दावा नहीं.’ गरज असते, सही होते.

या कागदाला कायद्यात फार वजन नाही. हक्क सोडून देणारा करार या कायद्याने रद्दच ठरवला आहे. रकमेची तडजोड करायचीच असेल तर तिची नोंद प्राधिकाऱ्याकडे व्हावी लागते, आणि रक्कम फार कमी वाटली तर तो नोंदणी नाकारू शकतो. नोंद न करता दिलेल्या पैशांपैकी, कोर्टाने वेगळं सांगितलं नाही तर, निम्म्याहून जास्त रक्कम मालकाला हिशोबातून वजा करता येत नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर पैसे प्राधिकाऱ्याकडेच भरावे लागतात. विधवेच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत (तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम सोडून). ही तरतूद बाईच्या हातातले पैसे सासर-माहेरच्या ओढाताणीत जाऊ नयेत म्हणून केलेली आहे.

तेव्हा सही करून बसलेल्यांनीही आशा सोडू नये. मात्र कोऱ्या कागदावर अंगठा कधीच लावू नये, आणि सही केलीच तर कागदाचा फोटो काढावा.

आदेश हातात, पैसे नाहीत

आदेश झाल्यावर मालक अपिलात उच्च न्यायालयात जाऊ शकतो, मध्य प्रदेशाच्या या भागासाठी इंदूर खंडपीठात. पण त्याआधी आदेशाची पूर्ण रक्कम जमा करावी लागते. ही अट कामगाराच्या फार उपयोगाची आहे, कारण निम्मे मालक इथेच तडजोडीला येतात.

अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, तर रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते: तहसीलदाराचा कागद, मिळकतीवर जप्ती. यासाठी मालकाच्या नावावर काय आहे हे कामगारालाच शोधावं लागतं, शेड भाड्याची आहे की स्वतःची, घर कोणाच्या नावावर. मालकाने दरम्यान जागा विकली तरी, आधी देणं लागत असलेल्या भरपाईचा बोजा त्या स्थावर मिळकतीवर पहिला राहतो.

एवढं असूनही वेळ लागतो, आणि मालकच बुडाला तर फार लागतो. इंदूरच्या लोकांना हुकुमचंद मिल सांगायला नको. ती नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली, आणि साधारण 4,800 कामगार व त्यांच्या वारसांची 224 कोटींची थकबाकी वाटायला डिसेंबर 2023 उजाडला. तो भरपाईचा नव्हे, पगार आणि इतर देण्यांचा मामला होता. पण मालकाची मिळकत हातातून जाण्याआधी जप्तीचा अर्ज का टाकायचा, हे त्यावरून कळतं.

तोपर्यंत घर कसं चालवायचं

सरकारी योजना भरपाईची जागा घेत नाहीत. मालक ‘तुला संबलचे मिळाले ना’ म्हणाला तरी त्याची जबाबदारी कमी होत नाही. मध्य प्रदेशातल्या असंघटित कामगाराची संबल योजनेत नोंद असेल तर अपघाती मृत्यूला 4 लाख, कायमच्या अपंगत्वाला 2 लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला 1 लाख मिळतात. बांधकाम कामगारांसाठी दोन्ही राज्यांत 1996 च्या कायद्याखालची कल्याण मंडळं आहेत, त्यांची नोंदणी आणि नूतनीकरण चालू असावं लागतं. महाराष्ट्रातल्या नोंदित हमालांनी माथाडी मंडळाकडे जावं. आणि बँकेचं पासबुक उघडून बघावं: वर्षाला 20 रुपये कापले जात असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला 1 लाख. पुष्कळांच्या खात्यातून हे वीस रुपये कापले जातात आणि घरच्यांना त्याची कल्पनाही नसते. बँकेत लगेच कळवलं तर दाव्याचा फॉर्म तिथेच मिळतो.